समुद्रकाठाने चालण्याबाबत विहीणबाईंना खुलासा

नाशिकरोड
२९ जानेवारी

आदरणीय विहीणबाई सखुबाई यांना शकुंतला झुंबर पगारे हिचा सप्रेम जय भीम.

कारण मोठं आहे, पण आधी तब्येतीचं विचारते, कारण तशी रीत आहे आणि कितीही राग आलेला असला तरी मी रीत सोडत नाही. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा शेक चालू आहे की कंटाळून बंद केलात? व्याह्यांचा खोकला थांबला का? मनाली म्हणते थांबला, पण आईला काळजी नको म्हणून ती सगळंच थांबलं असं सांगते. आंब्याला मोहोर आला असेल तर तो टिकला का, हेही कळवा. इकडे थंडी बरी आहे. सकाळी दहापर्यंत स्वेटर निघत नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त रक्तदाब थोडा वर आहे, आणि तो का वर आहे हेच सांगायला बसले आहे.

गेल्या रविवारी मनालीने सांगितलं की आमच्या चालण्याचं वेळापत्रक तिने तुम्हाला मोबाइलवर दाखवलं आणि तुम्ही हसलात. मी विचारलं, किती हसल्या? ती म्हणाली, ‘खूप नाही गं.’ खोदून विचारल्यावर कळलं की तुम्हाला हातातलं सूप खाली ठेवावं लागलं, पदराने डोळे पुसावे लागले, आणि मग व्याह्यांना परसातून बोलावून तुम्ही ते पुन्हा मोठ्याने वाचायला लावलंत. मला त्याचं काही वाटलेलं नाही. काही वाटलेलं नाही हे तुम्हाला नीट कळावं म्हणून हे पत्र आहे, आणि त्यासाठी मी फुलस्केपचे सहा कागद घेऊन बसले आहे. (फोनच केला असता. पण तुमच्याकडे रेंज येते ती फक्त पडवीच्या कोपऱ्यात, आणि तिथे फोन स्पीकरवर लावून स्टुलावर ठेवतात. मागच्या खेपेला मी माझ्या पोटाचं सांगत होते, तर तुमच्या शेजारणीने मधेच ओवा सुचवला. ओव्याने बरं वाटलं, ते वेगळं.)

एकसष्ट वर्षांच्या बाईला हे काय सुचलं, असं तुम्हाला वाटत असेल. तर ऐका. मी एकतीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअरला कारकून होते. नट, बोल्ट, व्हॉल्व्ह, हातमोजे, सगळ्यांचे नंबर मला पाठ होते. सुट्ट्या घेतल्या त्या बाळंतपणाला, सासूबाईंच्या आजारपणाला आणि मनालीच्या लग्नाला. लग्न तुमच्या अंगणात झालं. दोन दिवस मी तिथे होते, आणि समुद्र तुमच्या दारापासून दहा मिनिटांवर. पण पहिल्या दिवशी आहेराच्या साड्या आणि टॉवेल वेगळे करण्यात गेला, दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या मंडळींना सोलकढी म्हणजे औषध नव्हे हे समजावण्यात. परतताना गाडीत माझ्या बहिणीने विचारलं, ‘अक्का, समुद्र कसा वाटला?’ मी म्हटलं, आवाज ऐकला. गाडीतले सगळे हसले. (माझ्या नशिबी हसणारी माणसं फार.) मला भयंकर राग आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना. तुमच्यावर काढावा तर तुम्ही नवीन विहीणबाई. म्हणून मी तो समुद्रावर काढला. ठरवलं की एक दिवस येऊन याच्याकडे नीट बघून घेईन.

आता माझ्या मैत्रिणी. एक वत्सलाबाई. मुलींच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहेत, पण ते त्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही. दुसऱ्या गुलजारबी. देवळाली गावात ब्लाउज शिवायचं दुकान, चाळीस वर्षं मशीनवर बसून काढली. दुकान आता सून बघते, आणि गुलजारबी म्हणतात की बसायचं होतं तेवढं बसून झालं. आम्ही तिघी रोज सकाळी सहाला जेलरोडने चालतो. दिवाळीनंतर एका सकाळी वत्सलाबाईंनी हिशेब मांडला की वर्षभरात आपण तेराशे किलोमीटर चाललो. आणि पोचलो कुठे? रोज त्याच भाजीवाल्यापाशी. यावर गुलजारबी म्हणाल्या, ‘तो फिर सीधा चलते ना बाई, गोल गोल कायकू?’ बस. एवढ्या एका वाक्यावर हे सगळं उभं राहिलं आहे. दापोलीकडच्या मुरुडपासून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने दाभोळ, तरीतून खाडीपलीकडे, मग गुहागर, मग तुमचं गाव, मग जयगड, मग रत्नागिरी. अकरा दिवस. निघायचं एक फेब्रुवारीला, पौर्णिमेला, म्हणजे रमजान लागायच्या आत गुलजारबी घरी पोचतील.

वेळापत्रक वत्सलाबाईंनी केलं, हे आधी लक्षात घ्या. आमच्या जावयांनी, म्हणजे तुमच्या अश्विनने, भल्यापोटी सांगितलं होतं की कोकणात कोळी लोक तिथीला पाऊणने गुणतात आणि त्यातून भरती-ओहोटीची वेळ काढतात. एवढं सांगून ते शाळेत गेले. वत्सलाबाईंना गुणाकार म्हटल्यावर बाकी काही ऐकू येत नाही. त्यांनी अकराही दिवसांचे गुणाकार केले, आणि ते सगळे बरोबर होते, कोणीही तपासून बघावे. चूक एवढीच झाली की येणारी वेळ भरतीची असते आणि त्यांनी ती ओहोटीची धरली. त्यामुळे पंचमीच्या दिवशी पाऊण गुणिले पाच, दुपारी पावणेचार, ‘तुमच्या गावाअलीकडच्या कड्याखालून वाळूवरून सावकाश चालणे, मधे सतरंजी टाकून चहा’ असं त्या लिहून बसल्या. त्या वेळेला तिथे पुरुषभर पाणी असतं, हे आम्हाला नाशिकरोडला बसून कसं कळावं?

तुम्ही म्हणालात म्हणे की, ‘नाशिकच्या माणसांना वाटतं समुद्र पण पाटबंधाऱ्याचा आहे, पाटकऱ्याला सांगितलं की सुटेल आणि सांगितलं की बंद होईल.’ विहीणबाई, हे मला लागलं. आमच्याकडे पाण्याला वेळ असते, आवर्तन असतं, त्याची पेपरात बातमी येते. तुमचा समुद्र रोज पाऊण तास उशिरा येतो आणि कोणाला कळवत नाही, यात आमचा काय दोष? एकलहऱ्याला एखादा माणूस रोज पाऊण तास उशिरा आला असता तर त्याला मेमो मिळाला असता. तरीही वेळापत्रक आम्ही दुरुस्त केलं आहे. वत्सलाबाईंनी चूक कबूल केली, पण त्यांच्या पद्धतीने. म्हणाल्या, ‘रीत बरोबर होती, उत्तराचं एकक चुकलं.’

मुरुडचंही तुमच्या कानावर गेलं असेल, तर तेही माझ्याच तोंडून ऐका. पहिल्या रात्रीची खोली सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी फोन केला, मुरुडला खोली सांगितली, नाव लिहून घ्यायला लावलं, आणि स्टोअरच्या शिस्तीने खात्री करायला दोन दिवसांनी पुन्हा फोन केला. बाई फार गोड होत्या. म्हणाल्या, जंजिरा बघून कुठे जाणार? मी म्हटलं, कसला जंजिरा, आम्ही इथून पायी दाभोळला जाणार.  मग अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, ‘मावशी, मुरुड दोन आहेत.’ माझी खोली रायगडातल्या मुरुडला होती आणि चालणं रत्नागिरीतल्या मुरुडहून. मधे शंभरावर किलोमीटर. आता तुम्हीच सांगा, एकाच किनाऱ्यावर एकाच नावाची दोन गावं ठेवायची असतील तर त्यांना नंबर द्यायला काय होतं? स्टोअरमध्ये एका नावाचे दोन व्हॉल्व्ह असले तर एकाला अ आणि एकाला ब असतं. न दिलं तर बॉयलर फुटतो. पण घरात बोलणी कोणाला बसली? मला. वत्सलाबाईंनी तर ‘एकक’ हा शब्द तीनदा वापरला.

मग बूट. मी कॉलेजरोडच्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथे वैष्णवी नावाची पोरसवदा मुलगी होती (नाव छातीवर लावलेलं होतं). मी म्हटलं, लांब चालायचे बूट दाखव. तिने माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि विचारलं, ‘पेशंट सोबत आलेत का?’ मी म्हटलं, पेशंट नाही, मी चालणार आहे. मग ती म्हणाली, ‘अच्छा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.’ मी म्हटलं, डॉक्टरांनी नको सांगितलंय, म्हणून बूट चांगले हवेत. हे खोटं होतं, डॉक्टर काही म्हणाले नव्हते, पण माझं डोकं फिरलं होतं. तिने एक जोड आणला, गुलाबी नाड्यांचा. मी तो घालून दुकानात चार फेऱ्या मारल्या आणि पायाला इतका मऊ लागला की मला रागच आला, एकतीस वर्षं मी कसल्या चपला घालत होते म्हणून. तोच घेतला. गुलजारबींनी मात्र बूट घ्यायला साफ नकार दिला. त्या चप्पल काढून चालणार आहेत. वाळूला कशाला बूट, गादीवर कोणी बूट घालून चढतं का, असं त्यांचं म्हणणं.

वाळूचं निघालं म्हणून सांगते. वत्सलाबाईंनी फर्मान काढलं की रस्त्यावर चालणं आणि वाळूत चालणं वेगळं, पोटऱ्या भरून येतात, तेव्हा सराव वाळूत झाला पाहिजे. नाशिकात वाळू आणायची कुठून? नदीत ती राहिलेली नाही. आमच्या कॉलनीच्या मागे एक इमारत उठते आहे, तिथे ढीग आहे, तोही खऱ्या वाळूचा नाही, दगडाच्या कचेचा. आम्ही तिघी पाठीवर पिशव्या लावून सकाळी सहाला त्या ढिगावर चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. वीस फेऱ्या. पाचव्या दिवशी तिथल्या रखवालदाराने आम्हाला हटकलं. गोटीराम त्याचं नाव, पेठ तालुक्यातला. आधी त्याला वाटलं आम्ही कच चोरतो. पिशव्या उघडून दाखवायला लावल्या. त्यातून निघाल्या विटा, कारण वत्सलाबाईंनी वजनाच्या सरावासाठी प्रत्येकीला तीन विटा भरायला सांगितल्या होत्या, आणि त्या विटा (मला हे त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं) त्यांनी त्याच इमारतीच्या कडेने उचलल्या होत्या. गोटीराम म्हणाला, ‘बाई, वाळूच्या ढिगावर इटा नेऊन पुन्हा तिथंच आणता, ह्याला चोरी तरी कसं म्हनू?’ आणि त्याने आमचा फोटो काढून ठेकेदाराला पाठवला. ठेकेदाराने तो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘या ज्येष्ठ भगिनी कोणाच्या आहेत?’ पहिलं उत्तर कोणाचं आलं असेल? आमच्या ह्यांचं. ‘मधली माझी.’

आता ह्यांचं सांगते, म्हणजे तुमच्या लक्षात येईल की माझा खरा संताप ना तुमच्यावर आहे, ना वैष्णवीवर. मनालीचे पप्पा. तुम्हाला ते लग्नात फार शांत वाटले होते, तुम्ही तसं म्हणाला होतात. तर ऐका. मी चालणार म्हटल्यावर पहिलं वाक्य होतं, ‘तिसऱ्या दिवशी परत येशील.’ मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले की एसटीने ते पण येणार. चालणार नाहीत, फक्त प्रत्येक मुक्कामी आमच्या आधी पोचून उभे राहणार, छत्री, मीठ-साखरेचं पाणी आणि शिट्टी घेऊन. ह्याला त्यांनी बंदोबस्त असं नाव दिलं. ते बॉयलरवर ऑपरेटर होते, हे तुम्हाला माहीतच आहे. तिथे दर तासाला दाब, तापमान, पाण्याची पातळी वहीत लिहायची असते. त्यांनी बाजारातून नवी वही आणली आणि माझ्या नावाने रकाने आखले. वेळ, ठिकाण, पाणी किती प्यायलं, पाय कसे आहेत. दर तासाला मी फोन करून रीडिंग द्यायचं. मी विचारलं, आणि दाब वाढला तर काय करणार, वाफ सोडणार? ते म्हणाले, ‘त्यासाठीच मी तिथे असेन.’

तसे ते गेल्या वर्षापासून असेच झाले आहेत. हृदयात स्टेंट बसवली तेव्हापासून मी कोथिंबीर आणायला खाली उतरले तरी दहा मिनिटांत फोन. ‘कुठे आहेस?’ कोथिंबिरीपाशी. ‘किती वेळ?’ बाईने सुटे दिले की येते. चौतीस वर्षं मी कुठे आहे हे ज्यांनी कधी विचारलं नाही, कारण त्यांना माहीत होतं की मी स्टोअरमध्येच असणार, ते आता माझ्यावर पहारा ठेवतात. मी कोण आहे, टर्बाइन?

वत्सलाबाईंच्या कानावर बंदोबस्ताची बातमी गेली. त्या त्याच संध्याकाळी आमच्या घरी आल्या, पर्स मांडीवर धरून बसल्या आणि ह्यांना म्हणाल्या, ‘झुंबरभाऊ, तुम्ही आलात तर मी येणार नाही. तेहतीस वर्षं मोठ्या बाई खिडकीतून माझा वर्ग बघत होत्या. आता समुद्रावर तरी मला मागून कोणी बघायला नको.’ मला वाटलं, आता हे भांडतील. मी तयार होते. मी दोन्ही बाजूंनी भांडायला तयार होते. पण हे नुसते म्हणाले, ‘बरं.’ आपला चहाचा कप उचलला, आत गेले, आणि तो विसळून पालथा घातला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हापासून चालण्याबद्दल एक शब्द नाही. वही कपाटात. मी गुलाबी नाड्यांचे बूट घालून त्यांच्या समोरून मुद्दाम दोनदा गेले, तर पेपर बाजूला करून म्हणाले, ‘चांगले आहेत.’ आता या माणसाशी भांडायचं कसं? भांडायला निदान समोरचा उभा तरी राहिला पाहिजे.

तर असा सगळा संताप आहे. तुमच्या हसण्याचं मला काही वाटलेलं नाही, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल. चुकून कुठे शब्द जास्त गेला असेल तर तो माझा नव्हे, रक्तदाबाचा समजावा. व्याह्यांना आणि अश्विनरावांना जय भीम सांगा, मनालीला माझ्याकडून एक पापी आणि एक चापट द्या, ती कशासाठी हे तिला कळेल. गुडघ्याला जपा.

आपली विहीण,
शकुंतला

ता. क. — सुधारलेलं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. कड्याखालची वेळ आता सकाळी साडेनऊ केली आहे. तेवढी एकदा बघून बरोबर असल्याचं कळवा. हसू आलं तर पडवीपासून लांब जाऊन हसा, मनाली फोनवर सगळं सांगते.

ता. क. २ — पत्र पोस्टाने पाठवलेलं नाही, हे तुम्हाला पाकिटावर तिकीट नाही यावरून कळलं असेल. ते आणून देणारा माणूस तुमच्या पडवीत बसला असेल, द्राक्षांची पेटी आणि एक जड पिशवी घेऊन. पाकिटावर ‘तिळाच्या चिक्कीची कृती’ असं मी मुद्दाम लिहिलं आहे, म्हणजे ते उघडणार नाहीत. पेटी पोचवून उद्याच्या गाडीने परत यायचं, असं त्यांना वाटतं. पिशवीत मनालीसाठी गोधडी आहे असंही त्यांना वाटतं. गोधडी आहे, पण तिच्याखाली पिशवीच्या चोरतळात त्यांचे सहा शर्ट, तीन पॅंट, चष्म्याची जादा जोडी आणि गोळ्यांचा डबा आहे. पांढरी सकाळी, गुलाबी जेवणानंतर. विहीणबाई, त्यांना अकरा दिवस ठेवून घ्या. मी सांगितलं असतं तर ते आले नसते. मुलीच्या घरी दोन दिवसांच्या वर राहू नये, ही त्यांच्या आईची शिकवण, आणि शिवाय ‘मी काय लहान आहे का’ हे आहेच. पण विहीणबाईंनी आग्रह केला तर मोडता येत नाही, तेवढी रीत ते पाळतात.

आग्रहाने भागलं नाही तर व्याह्यांना सांगा की पाण्याची मोटार बिघडली आहे. बिघडली नसेल तर बिघडवा. बिघडलेलं यंत्र सोडून हा माणूस आजपर्यंत कुठून उठलेला नाही. मोटारीला दोन दिवस जातील. मग मिक्सर, मग पंखा, मग शेजारणीची शिलाई मशीन. पुढचं तुम्ही सुचवा.

का, ते सांगते. परवा फ्रिजवर मला एक कागद दिसला, विजेचं बिल लावतो तिथे चिकटवलेला. मोठ्या अक्षरात, बॉयलरच्या सूचना लिहाव्यात तसं त्यांनी लिहिलं होतं. छातीत दुखलं तर जिभेखाली गोळी. मग खालच्या मजल्यावरच्या ज्ञानेशचा नंबर. मग डॉक्टरांचा. मग रुग्णवाहिकेचा. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून: ‘शकू चालते आहे. तिला फोन करायचा नाही.’

मी तो वाचला आणि वत्सलाबाईंना कळवलं की मी येत नाही. त्यावर गुलजारबी आमच्याकडे आल्या, कागद वाचला आणि म्हणाल्या, ‘इनको कही छोड के आते, तेरे को नही छोडते.’ ही सगळी युक्ती त्यांची. पिशवीही त्यांनीच शिवली, दुहेरी तळाची. मी वर एवढे कागद भरून जे रागाने लिहिलं आहे ते खरंच आहे, पण ह्या कागदानंतर ते लिहायला मला फार जोर लावावा लागला.

ता. क. ३ — आम्ही तुमच्या गावी सहाव्या दिवशी पोचतो, दुपारच्या आधी. त्यांनी विचारलं तर सातवा दिवस सांगा. सहावा सांगितलात तर पहाटेच वाळूवर जाऊन उभे राहतील, डोक्याला टोपी न घालता, आणि ऊन त्यांना सोसत नाही.